गादीखालची पट्टी आणि कुवेतमधला मुलगा

ओळखीच्या एका घरातला मुलगा कुवेतला नोकरीला, आई ठाण्यात एकटी. मागच्या सुट्टीत त्याने आईच्या गादीखाली एक पातळ पट्टी घातली. आता तिची नाडी आणि श्वास त्याला तिथे मोबाईलवर दिसतात. "ठेवू की काढू?" असे आईने मला विचारले. माझे मत असे की ठेवावी, पण एका अटीवर.

आधी ही पट्टी काय करते ते सांगते. गॅसचा लायटर दाबला की 'टक्' होऊन ठिणगी पडते. आतल्या स्फटिकावर दाब आला की वीज तयार होते. १८८० साली पिएर क्युरी व त्यांचे भाऊ जाक यांनी हा गुण दाखवून दिला. त्याला पिएझोइलेक्ट्रिक म्हणतात. पट्टीत असाच पदार्थ असतो. श्वासाने छाती हलते, हृदयाच्या ठोक्याने अंगाला बारीकसा धक्का बसतो, आणि तेवढ्याने पट्टीत किंचित वीज उमटते. बंगळुरूच्या डोझी कंपनीची अशी पट्टी कोविडच्या काळात आपल्याकडच्या इस्पितळांत वापरली गेली.

श्वास मोजणे हे आम्हा नर्सचे सर्वांत दुर्लक्षित काम. नाडी धरल्याचे सोंग करून पूर्ण मिनिटभर छातीकडे बघायचे, कारण रोग्याला कळले की त्याचा श्वास बदलतो. कुवेतच्या वॉर्डात काय नि मुंबईच्या काय, रात्रपाळीत न मोजताच '२०' लिहिलेले तक्ते मी पुष्कळ पाहिले. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. तो वाढत जाणे ही न्युमोनियाची पहिली खूण असू शकते. पट्टी इथे आळस करत नाही.

पण न्हाणीघरात पाय घसरला तर तिला फक्त रिकामा पलंग कळतो. शेजारी नातवंड झोपले तर आकडे चुकू शकतात.

आता अट. पहाटे ६ ला ठाण्यात काही बिघडले तर कुवेतमध्ये साडेतीन वाजलेले असतात. मुलगा जागा झाला तरी तिथून १०८ फिरवून ठाण्यात रुग्णवाहिका येत नाही. म्हणून घराची एक किल्ली शेजारी द्या, त्यांचा नंबर मुलाकडे असू द्या, आणि पट्टी आईला विचारूनच घाला.

शब्बाथला ती बंद करावी का, असेही एकीने विचारले. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजारी माणसाची पट्टी चालू राहू द्या. धडधाकट असाल तर आपल्या हजानना विचारा.