कोळशाचा गॅस होईल, पण हिशेब कोण मांडणार?

आमच्या वणी-वरोरा-भद्रावती पट्ट्यात कोळसा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रस्त्यावरचे ट्रक, दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी काळी धूळ, घरटी एखादा तरी खाणीत किंवा खाणीच्या आधारावर पोट भरणारा माणूस. त्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये दावोसहून बातमी आली, की भद्रावतीत २० हजार कोटी रुपयांचा कोळशापासून गॅस बनवण्याचा प्रकल्प उभा राहणार, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी साजरी झाली. अमेरिकेतून आम्हीही अंगठे आणि झेंडे पाठवले. नंतर पॉलिटेक्निकला केमिकल करणाऱ्या एका भाच्याने विचारलं, "मामा, हे खरंच चालतं का? मला नोकरी लागेल का?"

मी संगणकाचा माणूस, रसायनाचा नाही. पण मी मिनेसोटात राहतो आणि शेजारच्या नॉर्थ डकोटात, ब्यूला गावाजवळ, हाच उद्योग करणारा एक कारखाना १९८४ पासून चालू आहे. म्हणजे उत्तर शोधायला फार लांब जायचं कारण नव्हतं.

आधी प्रक्रिया साध्या शब्दांत. चुलीत कोळसा भरपूर हवेत जळतो, उष्णता मिळते आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. गॅसिफायर नावाच्या बंद, दाबाखालच्या भांड्यात कोळशाला मुद्दाम अपुरा ऑक्सिजन आणि वाफ देतात. कोळसा पूर्ण जळत नाही. त्यातून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण निघतं, त्याला सिनगॅस म्हणतात. तो धुऊन, त्यातलं गंधक आणि डांबर काढून घेतलं, की पुढे हव्या त्या वाटेने जाता येतं : खतासाठी अमोनिया, इंधनासाठी मिथेनॉल, पाइपातून पाठवायला मिथेन किंवा लोखंडाच्या खनिजातून ऑक्सिजन काढून घेण्यासाठी थेट वापर.

हे नवं मुळीच नाही. विल्यम मर्डॉकने १७९२ च्या सुमारास कॉर्नवॉलमधल्या आपल्या घरात कोळशाच्या गॅसचे दिवे लावले होते. मुंबईतही १८६० च्या दशकात रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. लालबागची 'गॅस कंपनी लेन' ही त्याच काळाची आठवण. ब्रिटनमध्ये तर घरोघरच्या शेगड्या याच गॅसवर चालायच्या. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सुमारे चार कोटी उपकरणं बदलून अख्खा देश त्या वायूवर नेला गेला. स्वस्त आणि स्वच्छ पर्याय मिळताच कोळशाचा गॅस मागे पडला. पुढच्या सगळ्या कहाणीचं सार यातच आहे.

ब्यूलाचंच बघा. तेलटंचाईच्या काळात आखलेला हा कारखाना दोन अब्ज डॉलर्सहून अधिक खर्चून उभा राहिला, तोही सरकारने हमी दिलेल्या कर्जावर. सुरू होतो न होतो तोच ऊर्जेचे भाव पडले आणि १९८५ मध्ये मूळ भागीदार कंपन्यांनी हात वर केले. कर्ज सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या गळ्यात पडलं. १९८८ मध्ये बेसिन इलेक्ट्रिक या संस्थेने तो मूळ खर्चाच्या अगदी किरकोळ रकमेत घेतला. गंमत म्हणजे ही संस्था सहकारी आहे. ग्रामीण वीजग्राहकांच्या संस्थांनी मिळून बनलेली, आपल्या साखर कारखान्यांच्या भाषेत सभासदांच्या मालकीची. तिने नुसत्या गॅसवर अवलंबून न राहता अमोनिया, फिनॉल, पुढे युरिया अशी उत्पादनं जोडली. २००० पासून तिथला कार्बन डायऑक्साइड तीनशे किलोमीटरहून लांब पाइपाने कॅनडातल्या वेबर्नच्या तेलक्षेत्रात जातो आणि जमिनीत सोडला जातो.

म्हणजे चालतं, पण आधी कुणीतरी प्रचंड तोटा गिळल्यावर.

दुसरं उदाहरण मिसिसिपी राज्यातल्या केंपरचं. लहान प्रमाणावर तपासलेलं तंत्रज्ञान एकदम प्रचंड आकारात आणायचं ठरलं. तीन अब्ज डॉलर्सच्या आतबाहेर धरलेला खर्च सात अब्जांच्या पुढे गेला. २०१७ मध्ये कोळशाचा भाग थांबवून वीज केंद्र नैसर्गिक वायूवर चालवायचा निर्णय झाला आणि २०२१ मध्ये गॅसिफायरचा सांगाडा सुरुंग लावून पाडला. आमच्या क्षेत्रात डेमो उत्तम चालतो आणि खरे ग्राहक आले की सिस्टीम कोसळते, हे आम्ही रोज बघतो. पण आम्ही रात्रीतून जुनी आवृत्ती परत आणतो. हजारो टन पोलादाला जुनी आवृत्ती नसते.

आता आपल्याकडे या. २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचा गॅस करायचा, असं केंद्राचं उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये साडेआठ हजार कोटींची योजना मंजूर झाली. हेतू चुकीचा नाही. आपण खत, मिथेनॉल आणि वायू बाहेरून आणतो, कोळसा मात्र पायाखाली आहे. अडचण आहे ती राखेची. आपल्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. जगात लोकप्रिय असलेले अतिउष्ण गॅसिफायर राख वितळवून बाहेर काढतात. राख एवढी असली की तिला वितळवण्यातच बरीच ऊर्जा जाते. म्हणूनच ओडिशातल्या तालचेरच्या नव्या खत प्रकल्पात कोळशात पेटकोक मिसळायचं ठरलं. त्या प्रकल्पाचं भूमिपूजन २०१८ मध्ये झालं आणि पूर्ण होण्याची पहिली मुदत केव्हाच उलटली. भेलने हैदराबादला जास्त राखेच्या कोळशापासून मिथेनॉल बनवून दाखवलं, याचं कौतुक आहेच. पण ते संयंत्र दिवसाला पाव टनाचं आहे.

आणि हे आपण आधी एकदा करून पाहिलेलं आहे! तालचेर आणि रामगुंडम इथले कोळशावरचे खत कारखाने १९८० मध्ये सुरू झाले. तांत्रिक अडचणी, विजेचा तुटवडा आणि तोटा यांनी बेजार होऊन १९९९ मध्ये बंद पडले. रामगुंडम म्हणजे काही परदेश नाही, बल्लारशाहून काझीपेठकडे जाताना गाडी तिथूनच जाते. तिथला नवा कारखाना उभा राहिला, तो नैसर्गिक वायूवर. हा इतिहास आमच्या ग्रुपवर एकदाही फॉरवर्ड झाला नाही.

भद्रावतीकरांना तर आणखी एक आठवण आहे. नव्वदच्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीज प्रकल्पासाठी शेतकऱ्यांची जमीन संपादित झाली. वीज प्रकल्प आलाच नाही. त्याच जमिनीवर नव्या प्रकल्पांची चर्चा सुरू झाल्यावर तिथला शेतकरी आधी जुना हिशेब मागतो, याला विकासविरोध म्हणणं हा अन्याय आहे.

मग माझं मत काय? प्रकल्प नको असं मी म्हणत नाही. चार उत्तरं कागदावर मिळाल्याशिवाय टाळ्या नकोत, एवढंच म्हणतो. पहिलं, कोणता गॅसिफायर, आणि तो वर्धा खोऱ्यातल्याच कोळशावर किती मोठ्या प्रमाणात चालवून पाहिला? दुसरं, परदेशी अमोनियाचे किंवा वायूचे भाव पडले तर तोटा कोणाचा? तिसरं, पाणी कुठून येणार आणि फिनॉल-अमोनियाचं सांडपाणी कुठे जाणार? इरई धरणावर आधीच औष्णिक केंद्र आणि चंद्रपूर शहर दोघांचाही भार आहे. कार्बन डायऑक्साइडचं काय करणार, हेही त्यातच आलं. चौथं, ठरलेल्या मुदतीत कारखाना उभा राहिला नाही, तर जमीन परत मिळणार का?

भाच्याच्या नोकरीचं उत्तरही मी त्याला सरळ दिलं. असे कारखाने पैसा हजारो कोटींत खातात, पण बांधकाम संपल्यावर माणसं शेकड्यांतच लागतात. त्यातली निम्मी तरी स्थानिक असावीत असं वाटत असेल, तर प्रशिक्षण आजपासून हवं, उद्घाटनाच्या दिवसापासून नाही.

आता आपल्याबद्दल. जुबेलपासून ह्यूस्टनपर्यंत कितीतरी मराठी इंजिनिअर याच प्रकारचे गॅसिफायर, कॉम्प्रेसर आणि सांडपाण्याची यंत्रणा चालवतात. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो सारांश गावात वाचला जातो, पण हजार पानांचा इंग्रजी अहवाल कोण वाचणार? आपण वाचू शकतो. दोन शनिवार-रविवार पुरतात. त्यातले आकडे तपासून, दोन पानी मराठी टिपण करून ते तिथल्या ग्रामपंचायतीला, आपल्याच काका-भावांना पाठवलं, तर सुनावणीत माईकसमोर उभा राहणारा शेतकरी "आम्हाला नको" एवढंच न म्हणता "पान अमुक, आकडा तमुक, उत्तर द्या" असं म्हणेल. त्या प्रश्नाची नोंद इतिवृत्तात करावीच लागते.

गावाकडे पैसे आपण पाठवतोच. या वेळी थोडी माहिती पाठवू या. आमच्या ग्रुपवर आम्ही तिघांनी कामाची वाटणी केली आहे : एकाकडे पाणी, एकाकडे राख, आकडेमोड माझ्याकडे. रसायन जाणणारा चौथा कोणी असेल, तर तो आम्हाला हवाच आहे.