आधी धुवा, मग घासा

संपादक महोदय,

‘स्वयंपाकघरातील कपाटे पॉलिश पेपरने घासली की तेलकटपणा आपोआप जातो’, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. घासल्याने तेल निघत नाही. ते पसरते आणि ओरखड्यांत आणखी खोल दाबले जाते. मग नवा रंग तिथे धरत नाही, पोपडे सुटतात.

आधी हातमोजे घालून, कोमट पाण्यात विरघळवलेल्या धुण्याच्या सोड्याने कपाटे पुसावीत. नंतर स्वच्छ पाण्याच्या फडक्याने सोडा पूर्ण काढावा. तो राहिला तरी रंग सुटतो. पांढरे फडके फिरवून त्यावर पिवळा डाग येत नाही ना, हे पाहावे. पूर्ण वाळल्यावर 180 नंबरचा पेपर मारावा, धूळ पुसावी आणि मगच प्रायमर लावावा. कारागिराला धुण्यासाठी एक दिवस जरूर द्या.

– एक रंगकाम व्यावसायिक, सांगली