पाण्यावर ट्रॅक्टर? आधी अँपिअर सांगा



पेरणीच्या तोंडावर आपल्या शिरपुरात ते 'पाण्यावर डिझेल वाचवा' किटवाले पुन्हा येऊन गेले. स्टीलचा डबा, आत प्लेटा, कॉस्टिक पोटॅशचं पाणी, बॅटरीच्या दोन वायरी अन् गॅसची नळी एअर फिल्टरच्या पाइपात. अठरा हजार रुपये. म्हणे डिझेल तीस टक्के वाचते. माझ्या शेजाऱ्यानं सोयाबीनच्या बियाण्याचे पैसे त्यात घातले, म्हणून लिहून राहिलो. नाहीतर मी कोणाच्या धंद्यात पडत नाही.

मी दहावी पास माणूस. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन अन् ऑक्सिजन वेगळे होतात, हे शाळेतच शिकवतात. किती निघतो याचा नियम फॅरेडेनं १८३४ सालीच मांडून ठेवला. १ ग्रॅम हायड्रोजनला सुमारे ९६,५०० कूलंब वीज लागते. कूलंब म्हणजे अँपिअर गुणिले सेकंद. बस, एवढंच.

शेजाऱ्याच्या किटवर क्लॅम्प मीटर लावला. २० अँपिअर. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणजे ७२,००० कूलंब, म्हणजे पाऊण ग्रॅम. डब्यात सहा खाने एकामागे एक जोडलेले, प्रत्येकातून तेच २० अँपिअर जातात, म्हणून सहापट धरा. तासाला साडेचार ग्रॅम! एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३.३ लिटर डिझेलएवढी उष्णता. साडेचार ग्रॅममध्ये? १५ मिली. खोकल्याच्या औषधाचे तीन चमचे. ट्रॅक्टर नांगरताना तासाला चार लिटर पितो.

किटवाला म्हणतो, "काका, आमच्या प्लेटा मोठ्या आहेत, गॅस जास्त." खोटं. अँपिअर तेच असतील तर गॅस तेवढाच. १० बाय १० सेंटीमीटरच्या प्लेटवर २० अँपिअर म्हणजे चौरस सेंटीमीटरमागे ०.२ अँपिअर, यालेच विद्युतधारेची घनता म्हणतात. प्लेट दुप्पट केली तर ती ०.१ होते, व्होल्ट थोडे कमी लागतात, डबा कमी तापतो. फायदा आहे, पण तो गॅसचा नाही.

अन् ही वीज फुकट नाही बाप्पा. १२ व्होल्ट गुणिले २० अँपिअर, २४० वॅट. ती अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरले इंजिन फिरवते, इंजिन डिझेलवर चालते. मधली सगळी गळती धरली तर १५ मिलीसाठी सव्वाशे-दीडशे मिली डिझेल जाळलं.

"मग अमक्याचं डिझेल खरंच कमी लागलं ते?" लागलं असंल. किट बसवताना एअर फिल्टर साफ केला, अन् अठरा हजार घातल्यावर माणूस टाकी मोजून, हळू चालवते. ते बिनकिटचंही जमते.

राग किटवाल्यापेक्षा शिकलेल्यांचा जास्त येते. कृषी पदवीधर पोरं तो व्हिडिओ पुढं ढकलतात. एक गुणाकार करून पाहाले काय जाते?

हायड्रोजन खोटा नाही, हेही सांगतो. पंजाबात नांगलच्या कारखान्यात भाक्राच्या विजेवर पाणी फोडून खत बनवत होते. पण हिशोब पाहा. ४५ किलोच्या युरियाच्या एका बॅगले साडेचार किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे सव्वादोनशे युनिटच्या वर वीज. आपला डबा तेवढा हायड्रोजन द्यायले हजार तास घेईन.

ज्यांनी किट घेतलंच, त्यांनी डब्यातलं पाणी पाहा. तांबूस-पिवळं झालं असंल तर स्टीलमधला क्रोमियम उतरला, तो विषारी असतो. ते विहिरीजवळ, नाल्यात, धुऱ्यावर ओतू नका. हातमोजे घालून प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून झाकण लावा, लेकरं-ढोरांपासून दूर ठेवा. नळीजवळ बिडी पेटवू नका, हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण बारीकशा ठिणगीनं फुटते.

शेजाऱ्याचा डबा उद्या सकाळी काढतो. किटवाला पुन्हा आला तर मले फोन करा, मीटर घेऊन येतो.