विश्लेषण : वादळ आले की कर्जाचा हप्ता थांबतो… कॅरेबियन देशांना एवढे पुरेल?

जून २०२४ मध्ये टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकल्यावर भारतीय क्रिकेट संघ बार्बाडोसमध्ये अडकून पडला, तो ‘बेरिल’ चक्रीवादळामुळे. विशेष विमानाने संघ परतला, मरिन ड्राइव्हवर मिरवणूकही झाली. त्याच वादळाने १ जुलैला ग्रेनेडाच्या कॅरिआकू बेटावरील जवळपास सगळ्या इमारतींची पडझड केली. ते वृत्त आपल्याकडे मागे पडले. पण त्यानंतर ग्रेनेडाने जे केले, ते साऱ्या कर्जबाजारी देशांच्या कामाचे आहे.

ग्रेनेडाने काय केले?

ऑगस्ट २०२४ मध्ये या देशाने रोखेधारकांना कळवले, की ठरलेले हप्ते आता देणार नाही. ही कर्जबुडवेगिरी नव्हती. २०१५ मध्ये कर्जाची फेररचना करताना करारातच ‘वादळ कलम’ घातले होते : मोठे वादळ आल्यास हप्ते काही काळ लांबणीवर टाकता येतील. खासगी रोख्यांबाबत असे कलम प्रत्यक्ष वापरणारा ग्रेनेडा पहिलाच देश. यामागे कटू अनुभव होता. २००४ च्या ‘आयव्हन’ वादळात झालेले नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट होते. त्यानंतर कर्ज थकले, फेररचना झाली, २०१३ मध्ये पुन्हा थकले. वादळाने मोडलेले घर कर्ज काढून उभारायचे आणि ते फिटण्याआधी पुढचे वादळ यायचे, हे चक्र तिथे नवे नाही. अर्थात हप्ता पुढे जातो, माफ होत नाही. हातात रोकड राहते ती ऐन निकडीच्या महिन्यांत, आणि या कलमाचा खरा उपयोग तेवढाच.

मग विम्याचे काय?

इथे जमैकाचा अनुभव बोलका आहे. या देशाने जागतिक बँकेमार्फत १५ कोटी डॉलरचे आपत्ती रोखे काढले होते. त्यांची भरपाई प्रत्यक्ष नुकसानीवर नव्हे, तर वादळाच्या केंद्रातील हवेचा दाब ठरावीक पातळीखाली जातो का, यावर ठरते. ‘बेरिल’ने जमैकाला झोडपले, पण दाब पुरेसा उतरला नाही; एक डॉलरही मिळाला नाही. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मेलिसा’ हे पाचव्या श्रेणीचे वादळ थेट धडकले, तेव्हा पूर्ण रक्कम मिळाली. नुकसानीचा अंदाज मात्र सुमारे ८८० कोटी डॉलरचा, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ४१ टक्के. एका दशकाच्या काटकसरीने कर्जाचा डोंगर निम्म्याहून खाली आणणाऱ्या देशावर ही पाळी आली. पुनर्बांधणीसाठी वित्तसंस्था पुढे आल्या, पण त्यात मोठा वाटा कर्जाचाच.

कॅरेबियन देशांची मागणी काय?

बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली यांनी २०२२ मध्ये मांडलेल्या ‘ब्रिजटाऊन’ प्रस्तावात आपत्तीत हप्ते थांबवणारे कलम सर्वच कर्जांत असावे, अशी मागणी आहे. दुसरा मुद्दा अधिक टोकदार. स्वस्त कर्ज कोणाला द्यायचे हे प्रामुख्याने दरडोई उत्पन्नावर ठरते. पर्यटनामुळे बार्बाडोससारखे देश कागदोपत्री ‘उच्च उत्पन्न’ गटात बसतात आणि सवलतीला मुकतात. एका रात्रीत हे उत्पन्न वाहून जाऊ शकते, याची नोंद त्या मोजमापात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ मध्ये असुरक्षितता मोजणारा निर्देशांक स्वीकारला खरा. पण कर्ज देणाऱ्या संस्थांवर तो बंधनकारक नाही.