‘त्रुटी’चे बटण कोणत्या टप्प्यावर?



सरकारी कामकाज ऑनलाइन झाल्यापासून वेगाची आणि पारदर्शकतेची चर्चा भरपूर झाली. पण कोणत्या टप्प्यावरच्या कामाला कोणते बटण दिसावे, याकडे फारसे कुणाचे लक्ष नाही. मंजूर, नामंजूर, अग्रेषित, त्रुटीसाठी परत... यांतले कुणाच्या लॉगिनला काय द्यायचे, यावरच नागरिकाचा हक्क टिकतो किंवा बुडतो.

जमिनीच्या हक्कनोंदींच्या ई-फेरफार प्रणालीत हे नीट जमले आहे. तलाठ्याने नोंद धरायची, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस काढायची. बिनहरकत नोंद प्रमाणित करायची ती मंडळ अधिकाऱ्याने. हरकत आली की प्रकरण तक्रार नोंदवहीत चढते. तलाठ्याला स्वतःची नोंद स्वतः प्रमाणित करताच येत नाही. 1966च्या जमीन महसूल संहितेतली अधिकारांची वाटणी संगणकात तशीच उतरली आहे.

दाखल्यांच्या बाबतीत मात्र वेगळा अनुभव येतो. आमच्या शेजारच्या मुलीचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज कॉलेज प्रवेशाच्या ऐन धामधुमीत तीनदा परत आला. आधी शेरा ‘कागदपत्र अस्पष्ट’, मग ‘रेशनकार्डाची मागची बाजू जोडा’, मग ‘स्वयंघोषणापत्रावर दिनांक नाही’. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत होत्या. दर वेळी मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली गेली.

2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार पदनिर्देशित अधिकाऱ्याने मुदतीत सेवा द्यायची किंवा लेखी कारण देऊन अर्ज फेटाळायचा. अपील करता येते ते अर्ज फेटाळला तर किंवा मुदत उलटली तर. परत आलेला अर्ज फेटाळलेला नसतो, आणि मोजणी नव्याने सुरू झाली की मुदतही उलटत नाही. मग अपील कशावर करायचे? विलंबासाठी 500 ते 5000 रुपये शास्तीची तरतूद आहे, तीही अशा अर्जाला लागू होत नाही.

‘त्रुटीसाठी परत’ हे बटण काढून टाकले तर किरकोळ चुकीसाठीही अर्ज फेटाळावा लागेल, अर्जदाराला पुन्हा शुल्क भरावे लागेल, असे कर्मचारी म्हणतात. महसूल खात्यात आयुष्य काढलेल्या मला ते पटते. म्हणून ते बटण छाननीच्या टप्प्यावर जरूर ठेवा. पण एकदाच वापरता यावे, सगळ्या त्रुटी एकत्र नोंदवल्याशिवाय ते चालू नये. अर्जदाराकडे गेलेले दिवस वजा करा, कार्यालयाची मोजणी मात्र पुन्हा शून्यावर नेऊ नका. निर्णयाच्या टप्प्यावर दोनच पर्याय हवेत: मंजूर आणि सकारण नामंजूर. तसेच, अनेक प्रकरणे एकगठ्ठा निवडून सही करण्याची सोय परिपत्रके वाचल्याच्या नोंदीला ठीक आहे, दाखल्यांना ती नको.

कोणत्या टप्प्यावर कोणाला काय करता येते, याचा तक्ता प्रत्येक सेवेसाठी संकेतस्थळावर आणि सेवा केंद्रांच्या भिंतीवर मराठीत लावावा. माहिती तंत्रज्ञान विभागाने आणि सेवा हक्क आयोगाने ही मागणी मनावर घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा