घरातली मोरी आणि कबीटखेडीचा प्लांट



आमचं इंदूरचं जुनं घर कान्ह नदीच्या काठाजवळ, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून पायी दहा मिनिटं. लहानपणी आम्ही तिला खान नदी म्हणायचो, नंतर नुसता नालाच म्हणू लागलो. घरातल्या मोरीचं, संडासाचं पाणी थेट त्यात जायचं आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे.

2020-21 च्या सुमारास निगमची माणसं गल्लीत आली. म्हणाली, नाल्यातलं तोंड बंद करा, ड्रेनेज लाइनला जोडा, खर्च तुमचा. मी चांगलाच भांडलो. एवढा मोठा प्लांट बांधलाय ना, मग आमच्या अंगणात खोदकाम कशाला?

पुढे ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपबरोबर कबीटखेडीचा तो प्लांट पाहिला. रोजची क्षमता 24 कोटी 50 लाख लिटर. आधी जाळ्यांवर चिंध्या, प्लास्टिक अडकतं, मग रेती खाली बसते. पुढच्या टाकीत जोराने हवा सोडतात. त्या हवेवर जिवाणू पोसतात आणि घाण खाऊन टाकतात. मग हवा बंद, गाळ तळाशी, वरचं निवळ पाणी क्लोरीन देऊन बाहेर. हेच काम नदीत सोडलं तर तेच जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, मासे मरतात, पाणी काळं पडून वास मारतं.

तिथे मला बँकेतली जुनी गोष्ट आठवली. तिजोरी कितीही भक्कम असो, भरणा काउंटरपर्यंत आलाच नाही तर जमा काय करणार? आमचं पाणी तर कबीटखेडीला कधी पोचतच नव्हतं. ते कान्हमधून खाली उज्जैनकडे जायचं, आणि त्रिवेणीपाशी क्षिप्रेत मिळायचं. रामघाट त्याच्या पुढे. वडिलांच्या अस्थी आम्ही तिथेच सोडल्या होत्या. तिथलं पाणी ओंजळीत घेऊन तर्पण केलं होतं.

2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं तेव्हा आपल्या मंडळींनी भरपूर अभिमान मिरवला, मीसुद्धा. पण माझं मत विचाराल तर निम्मा प्लांट आपल्या घरात असतो. 1978 पासून आपण 70 किलोमीटरवरून उचललेलं नर्मदेचं पाणी पितो, आणि ते वापरून सोडायची वेळ आली की जोडणीचे पैसे, ड्रेनेजचा कर जड वाटतो. सणानंतर निर्माल्य, उरलेलं तेल सगळं मोरीत. (आमच्याकडेही होतं हे, सौ. रागावेल म्हणून जास्त लिहीत नाही.)

आणखी एक. गच्चीच्या पावसाचा पाइप पुष्कळांनी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलाय. मोठी सर आली की लाइन भरते, झाकणं उचलली जातात आणि मैलापाणी पुन्हा नदीतच. 2028 चा सिंहस्थ आता जवळ आलाय, सगळे स्नानाला जाणार.

आमचा गच्चीचा पाइपसुद्धा अजून चेंबरमध्येच आहे. मुलगा म्हणतो, बाबा, कोण बघतंय? प्लंबरला रविवारी बोलावलंय.