भूक आणि अभ्यास



दोन वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा रोज तिसऱ्या तासास डुलक्या घेत असे. आळशी समजून मी त्यास सर्वांदेखत बाकावर उभे केले. मागाहून कळले की, त्याचे आईवडील मोशीतील एका इमारतीच्या कामावर भल्या पहाटे जात व हा चहा-बिस्किटावर शाळेस येई. चूक माझी होती, शिक्षा मात्र त्याने भोगली.

भूक म्हटली की दुष्काळ आठवतो. सन १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांस सुकडी वाटली जाई. ती भूक डोळ्यांस दिसे. आजची दिसत नाही. पोट भरणे निराळे आणि पोषण होणे निराळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० बालकांपैकी सुमारे ३५ बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. ही केवळ मेळघाटाची कथा नव्हे. आईच्या उदरापासून दुसऱ्या वर्षापर्यंत पोषणात उणीव राहिल्यास शरीराबरोबर बुद्धीचीही वाढ मंदावते, आणि ती हानी पुढे भरून काढणे फार कठीण असते. मोठ्या वयातही रक्तात लोह कमी पडले की मूल थकते, त्याचे चित्त लागत नाही. आम्ही मात्र त्यास 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो!

अन्नाचा तुटवडा आहे म्हणावे, तर मोशीच्या उपबाजारात भाजीपाल्याच्या व चाकणला कांद्याच्या राशी लागतात. तरीही सन २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते. उणीव धान्याची नसून ते गरजवंताच्या ताटापर्यंत पोहोचण्याची आहे. सरकारी व अनुदानित शाळांतील दुपारचे भोजनही आठवीपर्यंतच मिळते. नववीत गेल्यावर भूक थांबते काय?

म्हणून माझे नम्र मत असे की, नववी-दहावीच्या प्रत्येक वर्गात भाजलेले शेंगदाणे व गूळ यांचा एक डबा असावा. ज्यास शक्य त्याने मूठभर आणावे; ज्यास हवे त्याने घ्यावे. नावांची नोंद नको, कारण नोंद झाली की भुकेला मुलगा लाजेने हात मागे घेईल. कोणी म्हणेल, मुले गैरफायदा घेतील. घेईनात का! चार दाणे अधिक गेल्याने कोणाचे घर बुडत नाही. उपाशी मुलाचे वर्ष मात्र बुडते.

आणि आम्हा शिक्षकांनी छडीचा शब्द काढण्यापूर्वी एवढेच विचारावे, "बाळा, सकाळी जेवलास का?"